मदत हवी आहे: शेतीपंपाचं शून्य बिल आणि जुनी थकबाकी

नमस्कार मंडळी. वीजबिलातलं जाणकार कुणी असेल तर जरा मार्गदर्शन करा.

आमच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे. 2024 च्या विधानसभेच्या तोंडावर बळीराजा मोफत वीज योजना आली, साडेसात एचपीपर्यंत, पाच वर्षांसाठी. तेव्हापासून चालू बिल शून्य येतं, पण खाली थकबाकीचा आकडा जसाच्या तसा. पारावर यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, शून्य म्हणजे सगळंच माफ. दुसऱ्या बाजूला आमचे अण्णा. 2004 मध्ये निवडणुकीआधी सुशीलकुमार शिंदे सरकारने शेतीला फुकट वीज दिली होती, आणि आघाडीने सत्ता राखल्यावर पुढच्याच वर्षी विलासराव देशमुख सरकारने ती गुंडाळली, हे ते विसरायला तयार नाहीत. मला विचाराल तर अण्णांचं पटतं.

तर थकबाकीबद्दल स्पष्ट लिहिलेला शासन निर्णय कुणाकडे आहे का? भाषणाची क्लिप नको, कागद हवा.

दुसरं, वीज कायदा 2003 च्या कलम 65 प्रमाणे अशा सवलतीचे पैसे सरकारने वीज कंपनीला आगाऊ द्यायचे असतात. ते खरंच जमा झाले का, हे सामान्य माणसाने कुठे बघायचं? वीज नियामक आयोगाच्या दरआदेशात सापडतं का?

चुलतभावाचं वर्कशॉप आहे. तो प्रत्येक लग्नात ऐकवतो, "तुमची मोटर माझ्या बिलावर चालते." क्रॉस सबसिडीचा, म्हणजे शेतीची वीज स्वस्त ठेवायला इतर ग्राहकांकडून घेतात त्या जादा दराचा, त्याच्या युनिटमागचा वाटा कसा काढायचा, तेही सांगा. पुढचं लग्न वैशाखात आहे.