चारशे डॉलरची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घ्यायची, की थांबून महागडी टिक्का?

पोकोनोकर (धागाकर्ता)

गेल्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी शेजाऱ्याबरोबर हरणाच्या शिकारीला गेलो. बंदूक त्याची, मी नुसता थर्मास धरून बसलो होतो. यंदा शिकाऱ्यांचा सक्तीचा कोर्स केला, लायसन्सही काढलं, आता स्वतःची रायफल हवी. पेन्सिल्वेनियात हरणासाठी सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप भरणारी) रायफल चालत नाही, त्यामुळे बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला बोल्टचा दांडा हाताने मागे-पुढे करायची, हे ठरलेलंच.

आमच्याकडच्या दुकानात सॅव्हेज अ‍ॅक्सिस स्कोपसकट (नेम धरायची दुर्बीण) ४५० च्या आसपास, रूगर अमेरिकन स्कोपशिवाय थोडी वर, आणि टिक्का टी-३एक्स नुसतीच ८०० च्या पुढे. माझं मत: स्वस्तातली घ्यावी आणि उरलेले पैसे काडतुसांवर उडवावेत. आमच्या रानात ७० यार्डांपलीकडचं दिसतंय कुणाला? मत खोडून दाखवा.

एकदाच_घ्या

खोडतो. बोल्ट हातात घेऊन बघा. टिक्काचा लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरतो. स्वस्त रायफलीचा पहिल्या दिवशी गावच्या हापशासारखा वाजतो, आणि शांत रानात तो आवाज हरणाला तुमच्या आधी कळतो. दुसरं, दस्ता. बऱ्याच स्वस्त रायफलींचा दस्ता पातळ प्लॅस्टिकचा. पुढचा भाग काठीवर टेकवला की वाकून नळीला लागतो आणि गोळी भलतीकडे जाते. दुकानातच डॉलरची नोट नळी आणि दस्ता यांच्यामध्ये सरकवून बघा, आणि मग दस्ता मुठीत दाबून परत बघा. नोट अडकली तर ती रायफल खाली ठेवा.

टिक्काची शंभर यार्डांवर तीन गोळ्या इंचभरात बसण्याची कंपनीची हमी आहे. २० वर्षांनी विकलीत तरी निम्मे पैसे परत येतील.

ताटलीवाला

इंचभर कशाला हवंय? हरणाच्या छातीत जिथे मारायचं ती जागा ८ इंचांच्या ताटलीएवढी. आजच्या कुठल्याही स्वस्त रायफलीच्या गोळ्या शंभर यार्डांवर दीड-दोन इंचांत बसतात. ७० यार्डांसाठी टिक्का म्हणजे नाकापेक्षा मोती जड. रेंजवर दरवर्षी बघतो, हजाराची रायफल घेऊन येतात, सीझनच्या आदल्या आठवड्यात पाच गोळ्या झाडतात आणि नेम चुकला की स्कोपला शिव्या.

आणि बोल्टचंच म्हणाल तर रूगर अमेरिकनचाही टिक्कासारखा ७० अंशांत उघडतो. जाड हातमोजे घातलेल्या हाताची बोटं स्कोपवर आपटत नाहीत. २०१२ साली ती आली तेव्हापासून ‘स्वस्त म्हणजे खुळखुळा’ हे रडगाणं बंद व्हायला हवं होतं.

पॅकेजमधल्या स्कोपबद्दल मात्र सावध. माझ्या पहिल्या रायफलीबरोबर आलेली (कंपनीचं नाव राहू दे) पहाटे गाडीतून काढली आणि आतून धुकं धरलं. समोर आठ टोकांच्या शिंगांचा नर, आणि मला दिसतोय दुधाचा पेला. नुसती रायफल घ्या, स्कोपवर वेगळे २०० घाला.

एकदाच_घ्या

म्हणजे ४५० चे झाले ६५०. अजून थोडे घाला की राव.

जुनं_ते_सोनं

दोघंही नव्याच्या मागे. जुनी रेमिंग्टन ७०० किंवा सॅव्हेज ११० बघा, आजोबा गेल्यावर नातवंडं विकायला काढतात ती. लाकडी दस्ता, पोलादी अंग, नव्या स्वस्त रायफलीच्या किमतीत. फक्त नळीत बॅटरी मारून आतली वळणं झिजलीत का, गंज आहे का ते बघा. रेमिंग्टन असेल तर तिच्या चापाचं रिकॉल झालं होतं (दोष निघाला म्हणून कंपनीने परत मागवल्या होत्या), त्या काळातली आहे का तेही तपासा. नव्या माणसाने जाणकाराला बरोबर न्यावं.

नवशिक्या_एच१बी

थोडं अवांतर. आपल्याला चालतं का हे सगळं? मी ऐकलं व्हिसावाल्यांना बंदुकीला हात लावता येत नाही.

पोकोनोकर

एरवी नाही. पण चालू शिकारीचं लायसन्स असेल तर संघराज्याच्या कायद्यात अपवाद आहे, दुकानात ४४७३ नंबरच्या फॉर्मवर तो प्रश्नच असतो. लायसन्स संपलं की अपवादही संपला. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. तरी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

भाजीभाकरी

रायफल कुठली यावर चाळीस ओळी, आणि मुळात मारायचं कशाला यावर एकही नाही? कॅमेरा घ्या, तोही ८०० ला येतो.

ताटलीवाला

इथले लांडगे शंभर वर्षांपूर्वीच संपवले गेले, हरणं रस्त्यावर गाड्यांखाली मरतात. मी मारतो ते खातो, फ्रीजर भरून. तुम्ही खाता ते चिकन आत्महत्या करत नाही.

भाजीभाकरी

मी चिकन खात नाही. आयडी वाचा.

देवगडचा_काका

भांडू नका. आमच्याकडे बाबांची शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा, आणि नेमके तेव्हाच डुक्कर भाताच्या खाचरात. एका जमीनदाराकडे सरकारी कारखान्याची ३१५ बोअरची रायफल होती, ती पण बोल्टचीच, जुन्या ब्रिटिश लष्करी ली-एनफिल्डच्या धाटणीची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती कपाटातच. तुम्हाला निवडायला मिळतंय हेच अप्रूप. एक विचारतो, काडतूस कुठलं? त्यावर कुणी बोललंच नाही.

ताटलीवाला

काका बरोबर. ३०८ किंवा ६.५ क्रीडमूर. क्रीडमूरचा धक्का कमी, ३०८ खेड्यातल्या दुकानातही मिळतं. २० चा खोका ३० डॉलरच्या आसपास. खांदा नाजूक असेल तर २४३. हलक्या रायफलीत ३०-०६ घेऊ नका, पहिल्या दहा गोळ्यांनंतर माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो, आणि ती सवय पुढे कितीही पैसे घाला, जात नाही.

पोकोनोकर

काल दुकानात गेलो. नोटेची परीक्षा घेतली. ३०८ मधली रूगर ठरवत आणली होती. सोबत बायको, तिनेही कोर्स केलाय, एकच रायफल दोघांत वापरायची असा बेत. तिने उचलली, खांद्याला लावली आणि बोल्टकडे बघत राहिली. ती डावखुरी, आणि बोल्टचा दांडा उजवीकडे. इतकी वर्षं तिच्या हातचं जेवतोय, पण हे लक्षातच आलं नाही. डाव्या हाताची दुकानात एकही नव्हती, मागवावी लागेल म्हणाले. सीझनला सहा आठवडे.

एकदाच_घ्या

टिक्का डाव्या हाताचीही येते.

ताटलीवाला

रूगरही येते. दोन घ्या.

भाजीभाकरी

कॅमेऱ्याला डावं-उजवं नसतं.