धबधब्याखालच्या डोहात पूर्वी सगळे पोहायचे, आता उतरावं का?

प्रश्न: डोंगरातल्या धबधब्याखालच्या डोहात जुनी माणसं बिनधास्त सूर मारायची. मग आता काय बदललंय? उतरण्याआधी काय तपासावं?

उत्तर १: तळ बदलतो. मोठ्या पुरात वरून धोंडे येतात, ओंडके रुततात. एका वर्षी खोल असलेला कोपरा पुढच्या वर्षी उथळ होतो. म्हणून सूर मारणं बंद. काठाने हळू उतरा, लांब काठीने तळ चाचपा. बाहेर यायची जागा आधी ठरवा. शेवाळलेल्या खडकावरून घसरत उतरता येतं, चढता येत नाही.

उत्तर २: धारेच्या थेट खाली तर अजिबात नको. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यात अंग नीट तरंगत नाही. शिवाय धार तळाला आपटून पाणी खालून पुढे जातं आणि वरचं पाणी उलट धारेकडे ओढतं. पट्टीचे पोहणारे इथेच अडकतात. ओढ लागली तर झगडू नका, आडवे, म्हणजे बाजूला निघा. रांजणखळगेही (पाण्याने खडकात कोरलेले गोल खड्डे) टाळा, पाय अडकतो.

उत्तर ३: पावसाचं राहिलं की! डोहावर ऊन असतानाही माथ्यावर कोसळत असू शकतो. पाणी गढूळलं, पाचोळा वाहू लागला, आवाज वाढला की लगेच बाहेर. सामान गेलं तर जाऊ दे.

प्रश्नकर्ता: तळ दिसत असेल तर काठी कशाला?

उत्तर १: चार फुटांवरचा तळ वरून तीन फुटांवर भासतो. तिरकं पाहिलं तर आणखी वर.