बूटेड की साईक्स? नाथसागरच्या काठावरचा वटवट्या ओळखायला मदत हवी आहे

मंडळी, पैठणकडं नाथसागरच्या काठाला तुरीचे बांध अन् वेड्या बाभळी आहेत ना, तिथं एक मळकट रंगाचा बारका वटवट्या फिरायलाय. मला बूटेड वॉर्बलर वाटतोय, दोस्त म्हणतो साईक्स वॉर्बलर (दोन्ही सारख्याच दिसणाऱ्या वटवट्याच्या जाती), अन् पक्षी ओळखायच्या ॲपचं म्हणाल तर एका फोटोला हे सांगतंय दुसऱ्याला ते.

फोटोत दिसतंय ते असं, चोच जरा लांब, खालची चोच पूर्ण फिकट, टोकाला काळं काही नाही (झूम करून करून डोळे दुखले), भुवई (डोळ्यावरची फिकट पट्टी) डोळ्याच्या मागं लगेच पुसट होते, अंग तपकिरीपेक्षा राखाडीकडं जास्त. शेपटीच्या कडा पांढुरक्या आहेत पण त्या दोघांच्याही असतात, म्हणजे उपयोग शून्य. ब्लिथ्स रीड वॉर्बलर (हाही असाच मळकट वटवट्या) नाही, शेपटीचं टोक गोल नाही, सरळ कापल्यासारखं आहे.

घोळ असा की हा सारखा खाली गवतात, जमिनीला लागून किडे टिपत होता. खाली फिरणारा बूटेड अन् झाडाझुडपात वर फिरणारा साईक्स, असंच वाचलंय. मग चोच खरी धरू का वागणं?

प्रतिसाद १: भाऊ चोच धरा. वागण्याचं काय, किडे खाली असले तर साईक्सबी खाली उतरतो. बूटेडची चोच आखूड, खालच्या चोचीच्या टोकाला गडद डाग, भुवई ठळक अन् तिच्यावर गडद कड, चेहरा पार चिफचॅफ नावाच्या बारक्या वटवट्याच्या वळणाचा. तुमचं वर्णन साईक्सचं वाटायलंय. फक्त रंगावर जाऊ नका, कडक उन्हात बूटेडपण राखाडी दिसतो.

प्रतिसाद २: +१ साईक्स. आधी याला बूटेडचीच उपजात धरायचे त्यामुळं जुनी पुस्तकं बघून अजून गोंधळ होतो. अन् गंमत म्हणजे कर्नल साईक्सनं 1832 मध्ये याचं वर्णन केलं ते आपल्या दख्खनमधल्याच पक्ष्यावरून. तरी चोचीचा एकदम बाजूनं काढलेला फोटो असंल तर टाका, नुसत्या वर्णनावर मी तर शिक्का मारणार नाही.

धागाकर्ता: बाजूनं काढलेला आहे एक, सावलीतला, थोडा हललाय पण चोचीचं टोक दिसतंय. रात्री टाकतो. त्यात डाग दिसल्यासारखा वाटला तर ई-बर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट) सरळ बूटेड/साईक्स असा जोड पर्याय भरतो, दोस्त काही का म्हणंना.