मदत हवी आहे: अल्चेसेला मेडल ऑफ ऑनर (अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी शौर्यपदक) नेमकं कोणत्या लढाईसाठी?

अ‍ॅरिझोनातल्या अपाची स्काउटांवर, म्हणजे अमेरिकी सैन्यात वाटाडे म्हणून भरती झालेल्या अपाची आदिवासींवर, लेख लिहितोय. व्हाइट माउंटन अपाची सार्जंट अल्चेसेचं पदक सॉल्ट रिव्हर कॅन्यनच्या लढाईचं म्हणायचं की अपाची नेता जेरोनिमोच्या पाठलागाचं? मूळ नोंदी कशा तपासायच्या?

प्रतिसाद १
जेरोनिमो आधी बाजूला काढा. पदक दिलं १२ एप्रिल १८७५ला, जेरोनिमोची शेवटची शरणागती सप्टेंबर १८८६ची. मानपत्रात लढाईचं नावच नाही. अपाचींविरुद्धच्या मोहिमांत आणि चकमकींत गाजवलेलं शौर्य, काळ १८७२-७३चा हिवाळा, एवढंच. अमेरिकी सेनाधिकारी जॉर्ज क्रूकच्या त्या मोहिमेतल्या दहा स्काउटांना याच शब्दांत पदक मिळालं. तेव्हा 'हिवाळी मोहिमेतल्या कामगिरीसाठी' असंच लिहा.

२८ डिसेंबर १८७२ला सॉल्ट रिव्हर कॅन्यनमधल्या गुहेपर्यंत सैन्याला नेलं ते नान्ताजेने. तोही या दहांपैकीच. सैनिकांनी गुहेच्या छतावर गोळ्या झाडल्या, त्या आपटून आत लपलेल्यांना लागल्या. मारले गेले ते यवापाई, म्हणजे अपाचींहून वेगळ्या जमातीचे होते. लष्करी कागदांत त्यांना 'अपाची-मोहावे' म्हटलंय, त्यामुळे ते सर्रास अपाचींत मोजले जातात. कृपा करून हे लेखात स्पष्ट लिहा, त्या माणसांचं निदान नाव तरी बरोबर यायला हवं.

प्रतिसाद २
नोंदींसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली सैन्यभरतीची नोंदवही बघा, मायक्रोफिल्म क्रमांक एम२३३. त्यात इंडियन स्काउटांचे खंड वेगळे आहेत. नुसत्या नावावर शोधू नका. कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलंय, अल्चेसे, अल्चिसे, अल्चाइज, काहीही सापडेल. भरती बहुधा सहा महिन्यांची, म्हणून एकाच माणसाच्या अनेक नोंदी निघतात. वय, उंची, भरतीचं ठिकाण आणि भरती करणारा अधिकारी हे चारही रकाने जुळले तरच माणूस एक धरा. वय अंदाजाने लिहिलेलं असतं, दोन-तीन वर्षांच्या फरकावरून नोंद बाद करू नका.

ही भरती महत्त्वाची का, तर १९१७ला मेडल ऑफ ऑनरच्या फेरतपासणीत ९११ पदकं रद्द झाली. सैन्याचा स्काउट बफेलो बिल याचंही गेलं, कारण तो मुलकी नोकर होता. अपाची स्काउट १८६६च्या कायद्याखाली रीतसर भरती झालेले, पगार घोडदळाच्या शिपायाचा. त्यांची पदकं राहिली.

धागाकर्ता
आभार! सार्जंट राउडी याच दहांत येतो का?

प्रतिसाद १
नाही. त्याचं पदक ७ मार्च १८९०च्या चेरी क्रीकच्या चकमकीचं, तिथे तारीख दिलेली आहे, ठिकाण मात्र नुसतं 'अ‍ॅरिझोना'.