अपुऱ्या दिवसांचे बाळ: वय कोणते धरायचे?

मोगरा_ठाणे
माझी मुलगी २८व्या आठवड्यात जन्मली. वजन अवघे ९८० ग्रॅम, त्यामुळे नऊ आठवडे एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होती. आज ती २० महिन्यांची आहे, महिन्याभरापूर्वी चालू लागली, पण ‘आई’, ‘भूभू’ आणि ‘नको’ यांपलीकडे बोलत नाही. तिच्याच वयाचा जावेचा मुलगा बडबडगीतांच्या ओळी म्हणतो आणि सासूबाई दोघांना शेजारी बसवून पाहतात. मेंदूची सोनोग्राफी नॉर्मल आली होती. तिच्या बौद्धिक वाढीचा अंदाज आताच बांधता येईल का?

थेरपिस्ट_नाशिक
ताई, आधी वय दुरुस्त करू. ४० आठवड्यांतले १२ आठवडे तिला पोटात मिळालेच नाहीत. ते वजा केले की तिचे सुधारित वय साधारण १७ महिने येते आणि दोन वर्षांची होईपर्यंत तुलना याच वयाशी करायची असते. त्या हिशेबाने चालणे वेळेवर आहे, शब्द मात्र काठावर आहेत. हातवारे न करता ‘चप्पल आण’ म्हटल्यावर ती आणते का, हे पाहा. कळत असेल तर काळजी बरीच कमी होते. श्रवणाची बेरा चाचणी पुन्हा करून घ्या, कारण अशा बाळांमध्ये ऐकण्याचा दोष उशिराही दिसू शकतो. सोनोग्राफीत मोठा रक्तस्राव दिसतो, पण मेंदूतील जोडण्यांची बारीक इजा निसटू शकते. मेंदूला घड्या पडण्याचा आणि या जोडण्या वेगाने वाढण्याचा काळ नेमका शेवटच्या तीन महिन्यांचाच असतो.

बाबा_२९आठवडे
आमच्या मुलाची दुसऱ्या वर्षीची चाचणी उत्तम आली आणि आम्ही पुढच्या तपासण्या सोडून दिल्या; ती आमची चूक होती. दुसरीत हातच्याची वजाबाकी आली तेव्हा पाढे घडाघडा म्हणणारा हा मुलगा ५२ वजा २७ चे उत्तर ३५ लिहू लागला, कारण दशक घेतल्याचे पुढच्या रकान्यापर्यंत त्याच्या ध्यानातच राहत नसे. शाळेने त्याला निष्काळजी ठरवले. मानसतज्ज्ञांनी ही कार्यकारी स्मृतीची, म्हणजे काम करता करता माहिती मनात धरून ठेवण्याची, अडचण असल्याचे सांगितले. आता तो हातचा आधी कागदावर लिहितो आणि आम्ही त्याला एका वेळी एकच सूचना देतो.

वाचक_पुणे
पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांनी १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यंक सामान्य मर्यादेत, तरीही तुलनेच्या गटापेक्षा कमी होता. अर्थात कमी वजन आणि अपुरे दिवस या एकच गोष्टी नव्हेत, आणि सरासरीवरून एका मुलीचे भविष्य सांगता येत नाही.

मोगरा_ठाणे
बेरा फक्त घरी सोडताना झाली होती. सोमवारची वेळ घेतली आहे. चप्पल तिने आणली, पण आजोबांची. सासूबाईंना वयाची वजाबाकी करून दाखवली, तेव्हा त्यांनी विचारले, “मग हिचा वाढदिवस नक्की कधी करायचा?”