स्टँड मिक्सरची मोटर फिरते पण हुक थांबलाय, घरी उघडू का?

आभाळवेडी:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आमचा स्टँड मिक्सर आहे, डोकं वर उचलायचं असतं ना त्यातला, सात वर्षं झाली, वॉरंटी कधीच संपली. परवा ब्रेडचं पीठ मळायला लावलं होतं, दुप्पट माप घेतलेलं आणि पीठ जरा घट्टच झालेलं, होत नाही म्हणून स्पीड चारवर नेला, पंधराएक मिनिटं चालला असेल आणि मधेच कट्कट् आवाज आला, डोकं हादरलं आणि हुक जागच्या जागी थांबला. मोटर मात्र चालूच, उलट आधीपेक्षा हलकी फिरतेय असं वाटलं. लगेच बंद केला. आता रिकाम्या भांड्यातसुद्धा तेच, खरखर होते, हुक बोटभर पुढे सरकतो आणि परत थांबतो. जळका वास नाही, धूर नाही. अजून एक, महिनाभर हुक लावतो तिथून पिवळट तेल ठिपकत होतं, मी पुसून टाकायचे. त्याचा काही संबंध असेल का? एका दुरुस्तीवाल्याला दाखवला तर त्याने न उघडताच मोटर गेली, नवीन घ्या म्हणून सांगितलं. आईने दिलेला आहे हो, टाकवत नाही.

पाना_पक्कड:
ताई, टाकू नका. मोटर गेली असती तर ती एक तर फिरलीच नसती नाहीतर जळका वास, धूर काहीतरी आलं असतं. हलकी फिरतेय म्हणजे तिच्यावरचा भार सुटलाय, मोटर आणि हुक यांच्या मधलं काहीतरी तुटलंय.

आत असं असतं बघा, मोटर आडवी असते, तिच्या शाफ्टवर स्क्रूसारखे आटे असतात त्याला वर्म म्हणतात, त्या आट्यांत एक गिअर बसतो आणि तिथून फिरणं उभ्या शाफ्टवर खाली उतरतं. बऱ्याच घरगुती मशीनमध्ये हा एक गिअर मुद्दाम बाकीच्यांपेक्षा मऊ केलेला असतो, नायलॉनचा किंवा तसल्या कशाचा, म्हणजे हुक अडकला तर आधी त्याचे दाते जातात आणि मोटर वाचते. तुमचं वर्णन वाचून माझा पहिला संशय त्यावरच. दुसरा संशय पिनवर, खालचा गोल फिरणारा भाग शाफ्टला एका आडव्या पिनने धरलेला असतो, ती पिनही मोडते. पण पिन मोडली की सहसा हुक सुटाच राहतो, तुमचा सरकतोय आणि थांबतोय, म्हणजे उरलेले दाते मधेमधे पकडतायत.

बघायचं असं, आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद पुरत नाही. मग हुक लावायचा भाग हाताने हळू फिरवून बघा. अगदी मोकळा फिरला किंवा एका जागी अडखळून टक् करून सुटला तर गिअर नाहीतर पिन. काही मशीन हाताने फिरतच नाहीत, तिथे जोर लावू नका.

खटपट्या:
वरचं बरोबर आहे पण एक आधी बघून घ्या, सगळ्या मिक्सरमध्ये वर्म नसतो, काहींना पट्टा असतो. माझा पट्ट्याचाच होता, दाते झिजून पट्टा घसरायचा आणि वेग वाढवला की रबर तापल्याचा वास यायचा. मॉडेल नंबर खालच्या पट्टीवर असतो, त्यावरून सुट्या भागांचं चित्र शोधा आणि मगच पार्ट मागवा, दिसायला सारखे असणारे गिअर दात्यांच्या संख्येत वेगळे निघतात, मी एकदा चुकीचा मागवून बसलोय. आणि उघडताना प्रत्येक पायरीचा फोटो, स्क्रू लहानमोठे असतात ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर टेपने चिकटवून ठेवा. आत कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, असेल तर त्याला आणि उघड्या वायरींना हात नको, प्लग काढल्यावरही थोडा वेळ चार्ज राहू शकतो.

शांतनिवांत:
तेलाबद्दल मी सांगते, तेल गळणं म्हणजे मशीन मोडलं असं नाही. गिअरबॉक्समध्ये तेल नसतं, ग्रीस असतं, मशीन बरेच दिवस बसून राहिलं किंवा उष्णता जास्त झाली की ग्रीसमधलं तेल सुटं होऊन खाली उतरतं. अधूनमधून रिकामं चालवलं तर ते परत मिसळतं. पण सात वर्षांचं ग्रीस असेल आणि तेल उतरून गेलं असेल तर उरतो तो घट्ट लगदा, तो दात्यांपासून बाजूला सरतो आणि गिअर कोरडे घासतात. त्यामुळे थोडा संबंध आहेच. आता उघडताय तर सगळं जुनं खरवडून काढा, तुटलेल्या दात्यांचा चुरा त्यातच असतो आणि तो राहिला तर नवीन गिअरही खाईल. नवीन ग्रीस फूड ग्रेडच घ्या, डब्यावर एनएसएफ एच-१ लिहिलेलं असतं, कारण ते ठिपकलं तर थेट पिठात पडतं.

आभाळवेडी:
उघडला! खालची रिंग काढली, पिन पंचने ठोकून बाहेर काढली, ती अख्खी निघाली. मग डोक्याचं वरचं झाकण उचललं. आत करडं झालेलं ग्रीस, बोटांत घेतलं तर रवाळ लागत होतं, आणि गिअरचे चार दाते सलग नाहीत, पाचवा अर्धा. बाकीचे इतके धड की तो गिअर हातात घेऊन मी बराच वेळ बघत बसले. वर्मचे आटे गुळगुळीत आहेत, नखाने तपासले. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे असतात ना, ते कार्बन ब्रशही काढून बघितले, अजून बोटाच्या पेराएवढे आहेत.

पाना_पक्कड:
मस्त! मग मोटरला खरंच काही झालेलं नाही. ब्रश ६ मिमीच्या आसपास आले की बदलायचे, तुमचे चालतील, फक्त ज्या बाजूने होते तसेच परत बसवा, त्यांचं टोक फिरत्या भागाच्या गोलाईला घासून बसलेलं असतं, उलटे घातले तर ठिणग्या पडतात. गिअर बदलताना गॅस्केटही, म्हणजे सांध्यातून ग्रीस गळू नये म्हणून असतं ते पातळ अस्तर, नवीन घाला. बसवल्यावर दोन-तीन मिनिटं रिकामं, अगदी हळू चालवून आवाज ऐका.

आणि तो तुटला का, तेही धरा. घट्ट पीठ, दुप्पट माप, चारचा स्पीड आणि पंधरा मिनिटं, यातलं एकेक कदाचित चाललं असतं, चारही एकत्र नाही. मळायला दुसऱ्या स्पीडच्या वर जाऊ नका, माप अर्धं करून दोनदा मळा. मोटरचा आवाज जड झाला किंवा डोकं उड्या मारायला लागलं की तिथेच थांबवायचं.

आभाळवेडी:
गिअर आला, बसवला, चालू झाला!! आवाज पूर्वीपेक्षा कमी आहे. आता एकच, हुक भांड्याच्या तळाला घासतोय, आधी असं नव्हतं.

खटपट्या:
डोकं जिथे वळतं त्या मानेजवळ उंचीचा स्क्रू असतो, तो पाव फेरा फिरवा आणि बघा. वर जातंय का खाली ते मशीनवर अवलंबून. भांड्यात एक नाणं टाका, चपटं बीटर लावून अगदी हळू चालवा, बीटर दर फेरीला नाण्याला हलकासा धक्का देऊन थोडं सरकवेल इतकंच अंतर हवं, नाणं जागचं हललंच नाही तर उंच आहे, सतत ढकलत नेलं तर खाली आहे. बिजागरीची पिनही आत सरकलीये का बघा, ती ढिली असेल तर कितीही सेट केलं तरी परत हलेल.