अनुभव धागा : कॉलेजात पिअर एज्युकेटर म्हणून काम करताना (नाशिक)

नमस्कार मंडळी. जुलैत आमच्याकडे एफवायची नवी पोरं येतील आणि पिअर एज्युकेटरची नवी तुकडीही उभी करायची आहे. दोन वर्षं मी हे काम करते आहे. वर्गावर्गात जाऊन समलिंगी म्हणजे काय, ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगाशी स्वतःची ओळख न जुळणारी व्यक्ती) म्हणजे काय, यावर बरोबरीच्या मुलामुलींशी बोलायचं आणि नंतर कुणी एकटं येऊन भेटलं तर ऐकायचं. पैसे नाहीत, मार्क नाहीत. प्रशिक्षणात व्याख्या शिकवतात, पण वर्गात उभं राहिल्यावर काय होतं ते करणारेच सांगू शकतात. नाशिक आणि आसपास ज्यांनी हे केलंय त्यांनी जसं घडलं तसं लिहा. फसलेलंही लिहा. कुणाची ओळख पटेल असं मात्र काही नको.

सुरुवात माझ्यापासून. पहिल्या सत्राला मी प्रोजेक्टर लावून इंग्रजी स्लाइड दाखवल्या. सुरगाणा-पेठकडून आलेली मुलं मागच्या बाकांवर होती, ती पाच मिनिटांत खिडकीबाहेर बघायला लागली. सत्र संपल्यावर त्यांच्यातली एक म्हणाली, "ताई, हे आमच्यासाठी होतं का इंग्लिश मीडियमवाल्यांसाठी?" त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून प्रोजेक्टर बंद. फळ्यावर दोनच ओळी लिहिते : "मी स्वतःला कोण समजते?" आणि "मला कुणाची ओढ वाटते?" या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी असतात, एवढं समजलं की लिंगभाव आणि लैंगिक कल यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

निफाड तालुका, टीवायचा विद्यार्थी

आमच्याकडे चिठ्ठ्यांची पेटी असते. घरून द्राक्षाचा रिकामा बॉक्स आणला, वर चीर पाडली. पहिल्या वेळी "ज्याला प्रश्न आहे त्यानं चिठ्ठी टाका" म्हटलं आणि एकही आली नाही. का येईल? उठून चिठ्ठी टाकणाऱ्याकडे सगळा वर्ग बघणार. आता सगळ्यांना सारखाच कागद देतो आणि प्रत्येकानं काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर "प्रश्न नाही" लिहा. मग पेटी बाकाबाकावरून फिरते.

टवाळीच्या चिठ्ठ्या निघतात, शिव्याही निघतात. त्या बाजूला ठेवायच्या, चिडायचं नाही. एकदा चार घड्या घातलेली एक निघाली, पेन्सिलीनं बारीक अक्षरात : "हे बरं होतं का?" मी स्वतः गे आहे. दहावीत असताना हाच प्रश्न मी मोबाइलवर शोधला होता आणि लगेच हिस्ट्री पुसली होती. कागद हातात धरून मी काही क्षण गप्प उभा राहिलो. मग सांगितलं की हा आजारच नाही, म्हणून बरं होण्याचा प्रश्न येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, म्हणजे आपल्यापैकी कुणाचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. चिठ्ठी कुणाची ते कळलं नाही, कळायला नकोच.

"तू पण तसलाच का?" हे हमखास विचारतात. मी वर्गात सांगत नाही. म्हणतो, माझं उत्तर काहीही असलं तरी आज सांगितलेलं तेवढंच खरं राहतं. स्वतःबद्दल सांगायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. कुठल्याही समन्वयकानं नव्या मुलांवर त्यासाठी दबाव आणू नये, हे मला फार मनापासून वाटतं.

कळवण, एनएसएसमधली

मी स्वतः क्वीअर (म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे) नाही. एका मुलानं सत्रात उठून सांगितलं की हे सगळं शहरातलं फॅड आहे. मी विचारलं, कोजागरीला सप्तशृंगी गडावर कोण कोण गेलंय? बरेच हात वर झाले. तिथं त्या रात्री ठिकठिकाणाहून तृतीयपंथी येतात, लोक त्यांच्या पाया पडतात, आशीर्वाद घेतात. आणि तीच माणसं एसटीत शेजारी बसली तर? वर्ग शांत झाला. मग एक मुलगी बोलली, मग दुसरी, आणि तास संपला तरी कुणी उठेना.

पण माझी एक चूक झाली. तृतीयपंथी समाज आणि वर्गातला एखादा समलिंगी मुलगा हे एकच, असा समज मी तसाच राहू दिला. पुढच्या आठवड्यात परत जाऊन तो दुरुस्त करावा लागला.

सिडको, इंजिनीअरिंग

माझं थोडंच आहे, पण नव्या तुकडीला पहिल्यांदा हेच सांगा. एका मुलानं मला विश्वासानं स्वतःच्या लैंगिक कलाबद्दल सांगितलं. त्याला मदत व्हावी म्हणून मी ते आमच्याच एका व्हॉलंटिअरला सांगितलं, त्या मुलाला न विचारता. दोन दिवसांत हॉस्टेलभर झालं. त्यानं रूम सोडली. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

मूळ धागाकर्ती

हे लिहिलंस, खूप मोठी गोष्ट केलीस. बाकीच्यांसाठी : कुणाला असा त्रास झाला तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ पासून लैंगिक कल आणि ट्रान्सजेंडर असणं या कारणांवरून होणारा छळही धरला जातो. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. पण आधी त्या मुलाला विचारा, मगच फोन.

मेडिकलची इंटर्न

आमच्याकडची अडचण वेगळी, कारण चुकीचं आमच्या पुस्तकांतच छापलेलं होतं. न्यायवैद्यकाच्या पुस्तकात समलिंगी संबंध "अनैसर्गिक गुन्ह्यां"च्या प्रकरणात. ऑक्टोबर २०२१ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असा मजकूर सुधारायला सांगितलं, पण ज्युनिअरच्या हातात सीनिअरनं दिलेली जुनी आवृत्तीच असते. आम्ही ते पान उघडून शेजारी ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची माहिती ठेवतो. पाच न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. लग्नाबद्दल विचारलं तर तेही सरळ सांगते : १७ ऑक्टोबर २०२३ ला न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. गोड करून सांगितलं आणि नंतर त्यांना खरं कळलं, तर बाकीच्यावरही विश्वास ठेवणार नाहीत.

विद्यार्थी विभागातला कर्मचारी, वय ५१

मी शिकवत नाही, पण या मुलांचं सत्र आम्हा ऑफिसवाल्यांसाठीही झालं म्हणून लिहितो. आमच्याकडे एक ट्रान्स विद्यार्थिनी होती. हजेरीला जुनं नाव पुकारलं की ती "हजर" म्हणायची नाही, गैरहजेरी लागायची. परीक्षेला हजेरी कमी पडली तेव्हा खिडकीवर आली, तोवर मला हे ठाऊकच नव्हतं. मी प्राचार्यांना विचारून हजेरीपट नव्यानं छापला : सगळ्यांचं फक्त आडनाव आणि पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक). एकटीचं वेगळं केलं असतं तर पुन्हा बोट तिच्याकडेच.

जिल्हाधिकाऱ्यांकडचं ओळखपत्र तिला मिळालं, नाव बदलल्याचं गॅझेटही (सरकारी राजपत्रात नोंद) झालं. गुणपत्रिकेवरच्या नावासाठी मात्र बऱ्याच फेऱ्या झाल्या आणि पास होऊन ती निघून गेली तरी काम अर्धंच राहिलं. कुणी हे पूर्ण करून घेतलं असेल तर कुठले कागद, कुठल्या क्रमानं जोडले ते इथं टाका. या वर्षी आणखी दोघांनी विचारलंय.